ओव्हरहेड आर्क वेल्डिंगमध्ये रन जागेवर कसा बसवायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न नवीन पोरं विचारतात, आयटीआय करून आलेली, एक-दोन वर्षं फ्लॅटमध्ये आणि व्हर्टिकलमध्ये हात बसलेली, आणि मग ४जी ची (ओव्हरहेड, म्हणजे डोक्यावरच्या ग्रूव्ह जॉइंटला खालून वेल्ड करायची) टेस्ट प्लेट लागते आणि सगळं उलटं होतं. उत्तरं मुख्यतः ३.१५ एमएम जाडीचा ७०१८ नंबरचा रॉड, १० एमएमची एमएस (माइल्ड स्टील) प्लेट, डीसी इन्व्हर्टर मशीन हे धरून दिलीत. बाकी रॉडचं जिथे वेगळं आहे तिथे तसं लिहिलंय. रन म्हणजे रॉड एकदा चालवून पडलेली वेल्डची एक ओळ.

फ्लॅटमध्ये माझा रन सरळ येतो, ओव्हरहेडला साप होतो. हात थरथरतो का माझा?

हात थोडा थरथरतो, सगळ्यांचाच थरथरतो, पण दहातल्या आठ जणांचा प्रॉब्लेम हात नसतो, त्यांना दिसतच नसतं. फ्लॅटमध्ये तुम्ही वरून बघता, पडल (म्हणजे वितळलेल्या लोखंडाचं ते छोटं डबकं) आणि मागच्या रनची कड दोन्ही समोर असतं. ओव्हरहेडला होल्डर, हात आणि रॉड हे तिन्ही नजरेच्या आड येतात, मग माणूस अंदाजाने चालवतो आणि अंदाजाने चालवलेला रन कधीच कडेला बसत नाही. एक करून बघा, आर्क न मारता मशीन बंद ठेवून पूर्ण लांबी रॉड फिरवा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आणि बघा कुठे मान अडते, कुठे कोपर प्लेटला किंवा स्टँडला लागतं, कुठे टोक दिसेनासं होतं. जिथे दिसेनासं होतं तिथेच तुमचा साप वळतो, बघाच.

मग उभं कसं राहायचं?

जॉइंटच्या बरोबर खाली नको. थोडं बाजूला, म्हणजे ठिणग्या खांद्यावर न पडता बाजूने खाली जातील आणि नजर तिरकी जाईल. दिवाळीच्या आधी छताला चुना मारलाय का कधी? ब्रशच्या बरोबर खाली उभं राहिलं की तोंडावर पडतो, तसंच आहे, फक्त इथे चुना नाही, १५०० डिग्रीचं लोखंड आहे.

उंचीचं महत्त्व लोक विसरतात. प्लेट फार उंच असेल तर हात पूर्ण ताणलेला राहतो आणि अर्ध्या रॉडमध्ये खांदा भरून येतो. प्लेट डोळ्यांच्या थोडी वर, कोपर वाकलेलं, आणि जमलं तर दुसऱ्या हाताने होल्डरच्या हाताला मनगटाजवळ आधार. शरीराचा कुठला तरी भाग कशाला तरी टेकलेला असला पाहिजे, खांदा खांबाला, कोपर छातीला, काहीही. दोन्ही हात हवेत ठेवून सरळ रन मारणारा माणूस मी अजून बघितला नाही.

आणि केबल. होल्डरची लीड मागे खेचत असते, पाच मिनिटांनी हात खाली यायला लागतो आणि आर्क लांब होते. लीड वर एखाद्या हुकाला किंवा स्टँडला बांधा, होल्डरपाशी दीड-दोन फूट मोकळी ठेवा. हाताला किंवा अंगाला गुंडाळू नका, बरेच जण गुंडाळतात पण लीडचं इन्सुलेशन कुठे फाटलेलं असेल तर काय होईल ते सांगायला नको.

नजर कुठे ठेवायची, आर्कवर की पडलवर?

दोन्हीवर नाही. मागच्या रनच्या कडेवर. ती कड, ज्याला टो म्हणतात, तीच तुमची रेल्वेलाइन आहे. रॉडचं टोक त्या कडेवर धरायचं आणि पडल अर्धा जुन्या रनवर, अर्धा कोऱ्या प्लेटवर पसरतोय का ते बघत जायचं. कौलारू घराचं छप्पर आठवा, एक कौल दुसऱ्यावर थोडं चढलेलं असतं म्हणून पाणी आत येत नाही आणि वरून ओळ सरळ दिसते, तसेच रन एकावर एक चढले पाहिजेत, साधारण एक तृतीयांश ते निम्मे. त्यापेक्षा कमी चढवला की दोन रनच्या मध्ये नाली पडते आणि त्या नालीत स्लॅग (रॉडवरच्या फ्लक्सच्या लेपाचा वितळून झालेला मळ) बसतो, जास्त चढवला की उंचवटा होतो आणि पुढचा रन त्या उतारावरून घसरतो.

आर्ककडे बघत राहिलं की डोळ्याला फक्त उजेड दिसतो. पहिले काही दिवस जाणूनबुजून आर्ककडून नजर हटवावी लागते, सवय आहे ती, लागते.

काळ्या काचेतून कडच दिसत नाही. शेड बदलू का?

१०० ते १२० अँपिअरला १० नंबरची शेड पुरते, ११ पण चालते. काळोख वाटत असेल तर आधी बाहेरची पांढरी काच बघा, ती शिंतोड्यांनी इतकी भरलेली असते की तिच्यातून सूर्य पण दिसणार नाही, आणि ती काच एका चहाच्या पैशात येते तरी लोक महिनोन्‌महिने बदलत नाहीत. मागून उजेड हेल्मेटमध्ये येत असेल तर तोही काचेवर चमकतो, मागे एक फडकं लावा.

आणि चाळीस ओलांडली असेल तर चाळिशी लागलीय का ते तपासा. हसू नका, बऱ्याच जुन्या वेल्डरांचा हात बिघडला असं सगळे म्हणतात आणि प्रत्यक्षात जवळचं दिसत नसतं. हेल्मेटमध्ये काचेच्या मागे बसणारी नंबरची भिंगाची काच मिळते, ती बसवली की रन परत सरळ. ओव्हरहेडला जास्त जाणवतं कारण मान वर करून चष्म्याच्या खालच्या भागातून बघता येत नाही.

रॉड कसा धरायचा? कोन किती?

प्लेटला जवळपास काटकोनात, पुढे जाण्याच्या दिशेकडे होल्डर ५ ते १५ डिग्री झुकलेला, म्हणजे रॉडचं टोक मागे पडलकडे बघतंय आणि तुम्ही रॉड ओढत नेताय. जास्त झुकवला की आर्क लांब होते. डावी-उजवीकडचा कोन रनच्या जागेप्रमाणे थोडा बदलतो, कडेचा रन मारताना टोक बेव्हलच्या (प्लेटच्या तिरक्या कापलेल्या कडेच्या) भिंतीकडे थोडं वळवायचं.

रॉड होल्डरमध्ये नीट बसवा, ढिला नको. वाकवून घ्यायची पण एक पद्धत आहे, दिसायला सोपं पडतं म्हणून, पण ७०१८ वाकवला की फ्लक्सला चिरा पडतात आणि तिथून तुकडे उडतात. वाकवू नका.

आर्क किती जवळ?

जितकी जमेल तितकी. रॉडच्या आतल्या तारेच्या जाडीएवढी किंवा त्याहून कमी, ७०१८ ला तर जवळजवळ घासत. लोकांना वाटतं गुरुत्वाकर्षणामुळे सगळं खाली पडणार, पण लहान पडल आपल्या पृष्ठताणाने प्लेटला चिकटून राहतो आणि छोट्या आर्कमध्ये थेंब पडलमध्ये सरळ ओढला जातो. आर्क लांब केली की थेंब हवेत सुटतो आणि कुठेतरी भलतीकडे बसतो, अंडरकट (रनच्या कडेला प्लेटमध्ये खाच) येतो, शिंतोडे वाढतात, पोरोसिटी (वेल्डमध्ये बारीक छिद्रं) येते, ७०१८ ला तर नक्कीच येते. म्हणजे एकच चूक आणि चार डिफेक्ट.

कान वापरा. बरोबर आर्क सलग, दाट आवाज करते, तव्यावर डोसा पसरतो तेव्हा येतो तसा. फटफट ऐकू आलं की आर्क लांबलीय.

करंट किती ठेवू? मास्तर म्हणतात वाढव, सुपरवायझर म्हणतो कमी कर.

पाकिटावरची रेंज बघा आधी. ३.१५ च्या ७०१८ ला साधारण ९० ते १३० अँपिअर दिलेली असते, ओव्हरहेडला मी १०० ते ११५ मध्ये राहतो. २.५ च्या ६०१३ ला ६० ते ९०, त्यात मी ७०-७५. दोघंही तुमचे साहेब आपापल्या परीने बरोबर असतील. रन उंटाच्या पाठीसारखा वर आला, कडेला प्लेटमध्ये मिसळला नाही, रॉड चिकटतोय, तर करंट कमी आहे. पडल पातळ पाण्यासारखा, थेंब गळतोय, कडेला खाच पडतेय, तर जास्त आहे. नवीन मुलं गळतंय म्हणून करंट इतका कमी करतात की उंट तयार होतो, मग त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचेत स्लॅग अडकतो आणि नंतर ग्राइंडरने अर्धा तास जातो. ५ अँपिअर कमी करा, २५ नाही.

आधी मशीनचा डिस्प्ले खरा आहे का ते तपासा. स्वस्तातल्या काही मशीनवर आकडा एक आणि टोकाला करंट वेगळा असतो, आणि लांब, बारीक लीडमध्ये व्होल्टेज पडतं. म्हणून आकडा विचारायचा नाही, भंगाराच्या तुकड्यावर एक रन मारून बघायचा, मगच जॉबला लावायचा.

विव्हिंग करू की सरळ स्ट्रिंगर?

सरळ. निदान शिकताना तरी. रॉड डावी-उजवीकडे हलवत रुंद विव्ह केला की पडल मोठा होतो, मोठा पडल जड होतो, जड झाला की लटकतो. ओव्हरहेडला पडल लहान ठेवणं हीच अर्धी लढाई आहे. ३.१५ च्या रॉडने ८ ते १० एमएम रुंदीचा स्ट्रिंगर येतो, तेवढा बास. फार तर कडांवर थबकण्यापुरतं थोडं हलवा. ६०१३ ला जरा हलवावं लागतं, नाहीतर स्लॅग पडलच्या अंगावर चढतो आणि लोखंड कुठलं, स्लॅग कुठला ते कळत नाही. लोखंड पाऱ्यासारखं चकचकीत आणि स्लॅग गडद, त्याच्या मागून येणारा, हा फरक डोळ्याला शिकवावा लागतो, दुसरा उपाय नाही.

४जी च्या ग्रूव्हमध्ये रन कुठल्या क्रमाने टाकायचे?

समजा १० एमएम प्लेट, ६० डिग्री व्ही, गॅप ३ एमएम, रूट फेस (बेव्हलच्या तळाची न कापलेली सरळ कड) २ च्या आसपास. रूट (गॅपमधला पहिला रन) झाल्यावर त्याच्या दोन्ही बाजूंना, जिथे रूट बेव्हलला भेटतो, खोल चिरा असतात, त्यांना लोक वॅगन ट्रॅक म्हणतात. ग्राइंडरच्या बारीक व्हीलने त्या उघडा. नाही उघडल्या तर वरून कितीही छान फिलिंग करा, रेडिओग्राफीत त्या दोन रेषा दिसणार.

मग फिलिंग, म्हणजे मधली जागा भरणारे रन. तळाला जागा कमी म्हणून आधी एक रन मधून, पुढच्या लेयरला दोन, एक या भिंतीला आणि एक त्या भिंतीला. प्रत्येक रन मारायच्या आधी एक सेकंद थांबून विचार करा की हा रन टाकल्यावर पुढच्याला किती जागा उरेल. उरलेली जागा एका रनपेक्षा थोडी कमी असावी. दीड रनची जागा उरवली की फसलात, एक पुरत नाही आणि दोन मावत नाहीत. अशा वेळी लोक शेवटचा रन विव्ह करून ताणतात, आणि तोच लटकतो. रनची जागा म्हणजे काय, तर ही आकडेमोड, आर्क मारायच्या आधीची.

फिलिंग प्लेटच्या पातळीच्या १ ते १.५ एमएम आत ठेवा. का? कारण बेव्हलची तीक्ष्ण कड जिवंत राहते आणि कॅपला (सगळ्यात शेवटच्या थराला) तीच तुमची रेषा असते. फिलिंग पूर्ण भरून टाकलं की कड वितळून गेली, आता कॅप कुठे बसवणार, अंदाजाने.

कॅपला या ग्रूव्हचं तोंड साधारण १२-१३ एमएम येतं, म्हणून दोन किंवा तीन स्ट्रिंगर. पहिला एका कडेवर, कड एक-दीड एमएम झाकली जाईल इतका. दुसरा पहिल्याच्या टोवर. शेवटचा दुसऱ्या कडेला. कॅपची उंची ३ एमएमच्या आत राहू द्या.

रूट वरच्या बाजूने आत बसतो, सक-बॅक येतो.

हे ओव्हरहेडचं खास दुखणं आहे. लोखंडाला खाली यायचं असतं, त्यामुळे वरची बाजू पोकळ होते. टोक गॅपमध्ये वर ढकला, आर्क आतल्या बाजूला जळतेय असा आवाज आला पाहिजे, गॅप फार मोठा असेल तर कमी करा, आणि करंट किंचित उतरवा. टॅकच्या (प्लेटी जागेवर धरायला मारलेल्या छोट्या वेल्डच्या) दोन्ही टोकांना ग्राइंडरने उतार करून घ्या, नाहीतर टॅकपाशी प्रत्येक वेळी रूट जुळत नाही. गॅपच्या मागे बॅकिंग पट्टी लावलेली असेल तर हा प्रश्नच नाही, तिथे गॅप ६ एमएमच्या आसपास ठेवतात आणि ४५ डिग्रीचा व्ही असतो.

फिलेट असेल तर, म्हणजे ४एफ?

इथे एक प्लेट छत आहे आणि दुसरी तिला लटकलेली. लोखंड लटकलेल्या प्लेटवरून खाली ओघळायला बघतं आणि छताच्या बाजूला खाच सोडतं. पहिला रन बरोबर कोपऱ्यात, रॉड दोन्ही प्लेटच्या मध्ये. दुसरा खालच्या बाजूला, लटकलेल्या प्लेटवर, पहिल्या रनचा अर्ध्याहून जास्त भाग झाकत. हा रन म्हणजे फळी. मग तिसरा वर छताच्या बाजूला, त्या फळीवर टेकून. उलट क्रमाने केलं तर वरच्या रनला खालून आधार नाही आणि तो घसरतो. तिसऱ्याला टोक छताकडे जास्त वळवा आणि वरच्या टोवर नजर ठेवा, अंडरकट तिथेच येतो.

जॉइंटला, म्हणजे नवीन रॉड लावतो तिथे गोळा होतो. काय करू?

क्रेटर (रॉड संपला तिथे रनच्या टोकाला राहिलेला खड्डा) साफ करा, स्लॅग उरला तर आत अडकेल. मग क्रेटरच्या १०-१२ एमएम पुढे, जिथून रन पुढे जाणार आहे त्याच रेषेत आर्क पेटवा, मागे क्रेटरवर या, क्रेटर भरेपर्यंत क्षणभर थांबा, आणि पुढे चला. पेटवल्याची खूण नंतर रनखाली वितळून जाते. थेट क्रेटरवर पेटवलं की गोळा होतो, आणि ७०१८ ला तिथे बारीक छिद्रं पडतात. एकदा वापरलेला अर्धा रॉड परत घेताना त्याच्या टोकाला काचेसारखी खपली असते, ती भंगाराच्या तुकड्यावर घासून काढा, टेस्ट प्लेटवर नको.

सगळ्या रनचे जॉइंट एकाच जागी येऊ देऊ नका, पुढेमागे करा.

आर्क एका बाजूला पळते. माझा हात नाही, खरंच आर्कच पळते.

आर्क ब्लो. डीसीला प्लेटच्या टोकांपाशी आणि कोपऱ्यात होतो, चुंबकीय क्षेत्र वाकल्यामुळे. अर्थ क्लॅम्पची जागा बदला, आर्क आणखी छोटी करा, करंट थोडा कमी करा, मशीन एसी देत असेल आणि रॉड एसीला चालणारा असेल तर एसी. अर्थ क्लॅम्प गंजावर लावलाय का तेही बघा.

कुठलाही रॉड ओव्हरहेडला चालतो का?

नाही. एडब्ल्यूएसच्या (अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या) चार आकडी नंबरात तिसरा आकडा बघा. १ असेल तर सगळ्या पोझिशनला, ७०१८, ६०१३, ६०१० हे सगळे त्यातले. ७०२४ सारखा २ असेल तर फक्त फ्लॅट आणि आडवं फिलेट, तो डोक्यावर धरलात तर डोक्यावरच येईल. जाडी पण बघा, एडब्ल्यूएस डी१.१ मध्ये (त्यांचा स्टीलच्या स्ट्रक्चरच्या वेल्डिंगचा कोड) प्रीक्वालिफाइड, म्हणजे वेगळी प्रोसिजर टेस्ट न घेता मान्य असलेल्या कामाला व्हर्टिकल आणि ओव्हरहेडसाठी लो हायड्रोजन (७०१८ सारखा) रॉड ४ एमएमपर्यंतच आहे. शिकायला ३.१५ किंवा २.५ घ्या.

रॉड ओव्हनमध्ये ठेवणं खरंच गरजेचं आहे का, की साहेबांना दाखवायला?

७०१८ ला खरंच गरजेचं आहे. फ्लक्सने ओलावा धरला की हायड्रोजन वेल्डमध्ये जातो आणि तडे जातात, कधी कधी काम संपून साहेब घरी गेल्यावर. डी१.१ प्रमाणे साधा ई७०१८ ओव्हनबाहेर फार तर ४ तास, आणि परत भाजायचा तर २६० ते ४३० डिग्रीला किमान दोन तास, नेमका आकडा पाकिटावर बघा. डब्यात बल्ब लावून ठेवतात बरेच जण, त्याने कोरडा रॉड कोरडा राहायला मदत होते, ओला झालेला सुकत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात उघडं पाकीट रात्रभर शेडमध्ये राहिलं तर बल्बवर भरवसा ठेवू नका. ओल्या रॉडने आर्क पण फडफडते, मग रनची जागा विसराच. ६०१३ ला एवढे लाड लागत नाहीत.

प्रॅक्टिस कशी करू? टेस्टला पंधरा दिवस आहेत.

१५० बाय १५० च्या तुकड्यावर सोपस्टोनने रेषा ओढा, रेषेवर सेंटर पंचच्या खुणा मारा, आर्कच्या उजेडात पंचची खूण खडूपेक्षा चांगली दिसते. पहिला रन रेषेवर, मग पूर्ण प्लेट एकावर एक रन चढवत भरा, याला पॅडिंग म्हणतात. आधी फ्लॅटमध्ये एक प्लेट, मग तीच प्लेट डोक्यावर. प्रत्येक रननंतर स्लॅग काढून बघा, पाच रननंतर नाही. मग प्लेट आडवी कापा, पॉलिश करा आणि दोन रनच्या मध्ये काळं काही दिसतंय का बघा, हे एकदा केलं की नालीत स्लॅग बसतो म्हणजे काय ते आयुष्यभर विसरत नाही.

दिवसाला दहा-बारा रॉड नीट मारा, खांदा भरला की थांबा. थकलेल्या हाताने मारलेले तीस रॉड म्हणजे चुकीची सवय पक्की करणं.

४जी पास झालो तर व्हर्टिकल पण धरतात का?

नाही. प्लेट ४जी ने फ्लॅट आणि ओव्हरहेड धरतात, व्हर्टिकलला ३जी वेगळी द्यावी लागते. ड्रॉइंगवर आयएसओची भाषा असेल तर ४जी म्हणजे पीई आणि ४एफ म्हणजे पीडी, गोंधळू नका.

बेंड टेस्टमध्ये किती चालतं?

डी१.१ मध्ये वाकवलेल्या बाहेरच्या बाजूला ३ एमएमपेक्षा मोठी एकही उघडी चूक नको, आणि १ ते ३ मधल्या सगळ्या मिळून १० एमएमच्या वर नको. ओव्हरहेडला बेंड उघडतो तो बहुतेक वेळा रन आणि बेव्हलच्या भिंतीमधून, म्हणजे कडेचा रन भिंतीला न लागता मधे बसला होता.

कानात ठिणगी गेली तर?

जायच्या आधी इअर प्लग घाला, चेष्टा नाही. ओव्हरहेडला ठिणगी मान, कान आणि बूट या तीन जागा शोधत येते. हेल्मेटखाली कापडी टोपी, चामड्याचं जॅकेट, बटण गळ्यापर्यंत, पँट बुटाच्या बाहेर, आत खोचलेली नको. नायलॉन, पॉलिस्टरचं काही अंगावर नको, ते वितळून कातडीला चिकटतं. घामाने भिजलेले हातमोजे बदला, ओल्या हातमोज्यांनी रॉड बदलताना शॉक बसतो, विशेषतः जुन्या एसी ट्रान्सफॉर्मरवर. आणि ठिणगी गेलीच तर कानात तेल-बिल घालत बसू नका, कानाच्या डॉक्टरकडे जा, पडद्याला भोक पडू शकतं.